गिनीच्या भातखाचरांतून लिस्बनच्या चौकात

1953 साली पोर्तुगाल सरकारने पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या गिनी या वसाहतीत शेतीची पाहणी हाती घेतली आणि ते काम एका तरुण कृषितज्ज्ञावर सोपवलं. त्यांचं नाव आमिल्कार काब्राल. लिस्बनमध्ये शेतकीचं शिक्षण घेतलेले हे सरकारी नोकर गावोगाव हिंडले. कुठे किती भात पिकतं, भुईमुगाखाली किती जमीन गेली आहे, कोणत्या जमातीत जमिनीचा कारभार कसा चालतो, हे सगळं त्यांनी टिपून घेतलं. तीनच वर्षांनी त्यांनी स्वातंत्र्यासाठी पक्ष स्थापन केला, आणि 1963 मध्ये लढा पेटला तेव्हा या माणसाला आपला देश खाचरा-खाचरानिशी माहीत होता. साम्राज्याने पगार देऊन करवून घेतलेली पाहणी त्याच साम्राज्याच्या मुळावर आली!

पोर्तुगाल तेव्हा जेमतेम नव्वद लाख वस्तीचा गरीब देश होता. 1961 पासून अंगोलात, 1963 पासून गिनीत आणि 1964 पासून मोझांबिकमध्ये, अशा तीन आघाड्यांवर तो लढत राहिला. सरकारी खर्चातला फार मोठा वाटा लष्कराकडे जाई. सक्तीची भरती चुकवण्यासाठी हजारो तरुण रातोरात सीमा ओलांडून फ्रान्सला पळत. आठ हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मेले. आफ्रिकी माणसं किती मेली याची धड मोजदादसुद्धा कोणी ठेवली नाही. हे सारं कशासाठी? तर हुकूमशहा सालाझार यांच्या लेखी या वसाहती नव्हत्याच, पोर्तुगालचेच सागरापारचे प्रांत होते.

हा हट्ट आपल्या ओळखीचा आहे. गोवाही असाच ‘प्रांत’ होता. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझार यांचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्वा यांनी तो मानला नाही. माणसं वाचवली आणि शरणागती पत्करली. मायदेशी त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आलं. सरकारच्या हट्टाचं खापर सैनिकांवर फुटलं, आणि तरुण अधिकाऱ्यांच्या मनात हे खोलवर रुतून बसलं.

बारा वर्षांनी गिनीत तीच वेळ येताना दिसू लागली. जानेवारी 1973 मध्ये काब्राल यांचा शेजारच्या देशातल्या कोनाक्री शहरात खून झाला, पण चळवळ थांबली नाही. सोव्हिएत बनावटीची, खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं बंडखोरांच्या हाती आली आणि पोर्तुगीज विमानांना आकाश मोकळं राहिलं नाही. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला गिनी-बिसाऊने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं; भराभर अनेक देशांनी मान्यताही दिली. लिस्बनमधले राज्यकर्ते वाटाघाटीला तयार नव्हते. इथे दुसरा गोवा होणार आणि दोष पुन्हा आपल्या माथी येणार, हे कॅप्टन-मेजर हुद्द्याच्या अधिकाऱ्यांना कळून चुकलं. त्यातच बढतीच्या नव्या नियमांचा राग होता. त्यांच्या सुरुवातीच्या गुप्त बैठका गिनीच्या राजधानीत, बिसाऊतच झाल्या.

मला सर्वांत थक्क करतं ते हे. ज्यांना चिरडायला पाठवलं, त्यांच्याशी लढता लढता हे अधिकारी विचार करू लागले. आपलं भांडण पोर्तुगीज जनतेशी नाही, वसाहतवादाशी आहे, असं काब्राल सतत सांगत आले होते. शेवटी त्या जनतेच्या सैनिकांनीच वसाहतवादी सत्ता उलथली.

25 एप्रिल 1974. मध्यरात्र उलटून वीस मिनिटं झाली आणि रेडिओवर जुझे अफोन्सु यांचं ‘ग्रांदुला, विला मुरेना’ हे गाणं लागलं. तोच उठावाचा इशारा होता. गिनी आणि मोझांबिकमध्ये लढून आलेले कॅप्टन साल्गैरु माया सांतारेंहून चिलखती गाड्या घेऊन लिस्बनकडे निघाले. घरातच थांबा, असं रेडिओ बजावत होता तरी माणसं रस्त्यावर लोटली. सेलेश्त कायैरु नावाच्या हॉटेल कर्मचारी बाईंनी आपल्याजवळची कार्नेशनची फुलं सैनिकांना दिली, ती त्यांनी बंदुकांच्या नळ्यांत खोचली. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चौघे ठार झाले. दिवस मावळेपर्यंत जवळजवळ अर्धशतक टिकलेली हुकूमशाही संपली होती. दोन-तीन दिवसांत कैशियाशच्या किल्ल्यातले राजबंदीही सुटले. गोव्याच्या मुक्तिलढ्यात पकडलेले आपले मोहन रानडे याच कैशियाशच्या तुरुंगातून 1969 मध्ये बाहेर आले होते.

पुढे घटना भराभर घडल्या. 1975 संपेपर्यंत मोझांबिक, केप व्हर्ड, साओ टोमे आणि अंगोला स्वतंत्र झाले. पोर्तुगालमध्ये स्त्रिया पहिल्यांदाच न्यायाधीश होऊ शकल्या; 1975 च्या निवडणुकीत नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत दिलं. आफ्रिकेतून सुमारे पाच लाख माणसं परतली. लिस्बनच्या धक्क्यावर त्यांच्या लाकडी खोक्यांचे ढीग लागले आणि नव्वद लाखांच्या देशाने त्यांना सामावून घेतलं. युरोपच्या आधुनिक इतिहासातली ही फार मोठी कामगिरी आहे असं मी मानतो.

नव्या देशांच्या वाट्याला मात्र इतकं सुख आलं नाही. मोझांबिकमध्ये बहुतेक जनतेला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तंत्रज्ञ, डॉक्टर, यंत्रचालक एकदम निघून गेले. यादवी तिथे 1992 पर्यंत चालली, अंगोलात 2002 पर्यंत. ज्यांच्या लढ्यामुळे पोर्तुगालला लोकशाही मिळाली, त्यांनाच शांततेसाठी इतकी वर्षं थांबावं लागलं, हे विसरून कार्नेशनची गोष्ट सांगणं मला पटत नाही.

आणि गोवा? तेरा वर्षं पोर्तुगालने गोव्याचं भारतातलं विलीनीकरण मान्य केलं नव्हतं. क्रांतीनंतर ही मान्यता आठ महिन्यांत मिळाली. 31 डिसेंबर 1974 रोजी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांनी सही केली आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. शाळेत गोवामुक्ती शिकवणाऱ्यांना एकच विनंती: 19 डिसेंबर 1961 पाशी धडा संपवू नका. मुलांना नकाशावर बिसाऊही दाखवा.