करार सरकारचा, कायदा संसदेचा

परराष्ट्रांशी होणारे करार हा दिल्लीचा मामला. त्याचा लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. राज्यशास्त्राचा अभ्यास करताना मला मात्र असे आढळून आले की, हा संबंध थेट घरातल्या बियाण्याच्या पोत्यापर्यंत पोचतो.

अमेरिकेत अध्यक्षाने केलेल्या तहाला सिनेटच्या उपस्थित सभासदांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात. अध्यक्ष विल्सन यांनी खपून घडविलेला व्हर्सायचा तह सिनेटने १९१९ व १९२० मध्ये नाकारला. आपल्याकडे तशी अट नाही. राष्ट्रपतींच्या नावाने चालणारा कार्यकारी अधिकार मंत्रिमंडळ वापरते व संसदेच्या पूर्वसंमतीवाचून करार करू शकते. परंतु त्यासाठी देशातला कायदा बदलावयाचा असेल, तर नुसती सही पुरत नाही. तो अधिकार घटनेच्या २५३ व्या कलमाने संसदेकडे दिला आहे.

याचे बोलके उदाहरण आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या जवळचे आहे. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही केली. त्यामुळे १९७० चा पेटंट कायदा बदलणे भाग पडले. ३१ डिसेंबर १९९४ रोजी राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वटहुकूम काढला. पण वटहुकमाचे आयुष्य अल्प असते. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तिने मान्यता दिली नाही, तर तो आपोआप संपतो.

मार्च १९९५ मध्ये लोकसभेने दुरुस्ती विधेयक मंजूर केले. लोकसभेचे अध्यक्ष तेव्हा लातूरचे शिवराज पाटील होते. राज्यसभेत सभागृहनेते नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. तेथे मात्र विधेयक प्रवर समितीकडे गेले. २६ मार्चला वटहुकूम संपला. मे १९९६ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बारगळले. पुढे अमेरिकेच्या तक्रारीवरून १९९७ मध्ये व्यापार संघटनेत भारताविरुद्ध निर्णय लागला व १९९९ मध्ये संसदेने ती दुरुस्ती केली.

मग संसदेच्या अधिकाराला अर्थ तो काय उरला? माझ्या मते उरला, आणि तो बियाण्यात दिसतो. पिकांच्या वाणांना पेटंट द्यावे किंवा स्वतःची परिणामकारक पद्धत उभारावी, अशी मुभा त्याच करारात होती. संसदेने दुसरा मार्ग पत्करून २००१ मध्ये वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयी कायदा केला. त्याच्या ३९ व्या कलमानुसार संरक्षित वाणाचे बियाणेही शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ वा विकू शकतो. फक्त ब्रँडच्या नावाने विकू शकत नाही. आपल्याकडे सोयाबीनचे घरचे बियाणे निवडून, उगवण तपासून पेरतात, त्यामागे या कलमाचे पाठबळ आहे.

तरीही एक उणीव राहतेच. सही झाल्यावर देशाचे हात बांधले जातात आणि संसदेला उरलेल्या जागेतच वाट काढावी लागते. म्हणून शेती, औषधे यांसारख्या विषयांवरील करारांची चर्चा सहीपूर्वी संसदेत व्हावी, असे मला वाटते. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. आपल्या खासदारांनी तसा आग्रह धरावा आणि तो त्यांनी धरावा म्हणून आपण मतदारांनी त्यांना विचारीत राहावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.