निकृष्ट लोहधातुकाचे समृद्धीकरण : भांडवल गुंतविणाराच्या दृष्टीने

निकृष्ट लोहधातुकाचा प्रश्न आपल्याकडे बहुधा केवळ धातुविज्ञानाचा म्हणून शिकविला जातो. धातुकात लोह किती व कोणत्या यंत्राने त्यातील सिलिका वेगळी होईल, एवढे ठरले की प्रश्न सुटला, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. ज्याला त्या यंत्रासाठी पैसा घालावयाचा असतो त्याचे प्रश्न मात्र निराळे असतात. ते समजून घेण्यास कर्नाटकातील कुद्रेमुख प्रकल्पाइतके बोधप्रद उदाहरण भारतात क्वचितच सापडेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कुद्रेमुखचे धातुक मुख्यतः मॅग्नेटाइट व क्वार्ट्झ यांचे असून त्यात लोहाचे प्रमाण सुमारे 38 टक्के होते. असे धातुक झोतभट्टीत तसेच घातले तर त्यातील सिलिकेची मळी करण्यासाठी चुनखडी व कोक इतका खर्ची पडेल की लोखंड परवडणार नाही. म्हणून ते दळून, चुंबकीय विभाजकांतून नेऊन सुमारे 67 टक्के लोहाचे सांद्रित करण्याची योजना होती. वर्षाला 75 लाख टन सांद्रितासाठी सुमारे सव्वादोन कोटी टन धातुक दळावयाचे होते. म्हणजे प्रमाण तीनास एक.

हा हिशेब थोडा पुढे नेऊन पाहू. तीन टन धातुकात 1.14 टन लोह असते. एक टन सांद्रितात त्यापैकी 0.67 टन हाती येते. उरलेले 0.47 टन, म्हणजे एकूण लोहाचे सुमारे 41 टक्के, दोन टन गाळाबरोबर वाहून जाते. खणणे, वाहणे व दळणे यांचा खर्च तीन टनांवर पडतो, विक्री मात्र एकाच टनाची होते. अधिक बारीक दळले तर खनिजकण अधिक मोकळे होतात हे खरे. परंतु दळणाची वीज हाच या धंद्यातील मोठा खर्च असल्याने एका मर्यादेपलीकडे प्रत्येक जादा टक्का तोट्याचा ठरतो. शिवाय हे सर्व मॅग्नेटाइटचे झाले. गोव्यातील किंवा गडचिरोलीतील सुरजागडच्या हेमॅटाइटला सामान्य चुंबक ओढीत नाही. तेथे गुरुत्वविभाजन, तीव्र चुंबकीय क्षेत्र किंवा फेसाळ प्लवन यांचा आश्रय घ्यावा लागतो, आणि कुद्रेमुखचे आकडे तेथे उचलून लावणे धोक्याचे होय.

गिरणीने मात्र कुद्रेमुखला दगा दिला नाही. नोव्हेंबर 1975 मध्ये इराणशी करार झाला. त्यानुसार इराणने 63 कोटी डॉलर कर्ज द्यावयाचे आणि सुमारे वीस वर्षांत 15 कोटी टन सांद्रित घ्यावयाचे होते. 1976 साली कंपनी स्थापन झाली व 1980 साली प्रकल्प उभाही राहिला. दरम्यान 1979 साली इराणात क्रांती झाली. कर्जापैकी सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलरच हाती आले आणि माल घेणारा उरला नाही. येथे सांद्रिताचा एक दोष लक्षात घ्यावा. ढेकळांचे धातुक कोणत्याही झोतभट्टीस विकता येते. ही पिठासारखी भुकटी मात्र गोळ्या करून भाजल्यावाचून भट्टीत बहुशः चालत नाही. ग्राहक एकच, आणि मालही असा की तो चटकन दुसऱ्याच्या दारी नेता येत नाही! अखेर मंगळूर येथे वर्षाला 30 लाख टन गोळ्या करणारा कारखाना घालावा लागला. तो 1987 साली सुरू झाला. मूळ भांडवल वाचविण्यासाठी नवे भांडवल घालण्याचा हा प्रकार होता.

दुसरी गोष्ट गाळाची. पहिल्या हिशेबातील ते दोन टन कोठे तरी ठेवलेच पाहिजेत. त्यासाठी लाक्या नाल्यावर सुमारे 100 मीटर उंचीचा मातीचा बंधारा बांधला होता. परंतु जेथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे उघड्या खाणीची माती नदीत उतरणार नाही असे कोण सांगेल? खाण भद्रेच्या उगमप्रदेशात होती. सभोवारचे अरण्य राष्ट्रीय उद्यान करण्याची अधिसूचना 1987 साली निघाली. खाणपट्ट्याची मुदत 1999 साली संपली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निर्णयानुसार 2005 च्या अखेरीस खाणकाम थांबले. धातुक संपले नव्हते. मूळ धातुकाचा मोठा साठा तसाच राहिला. गुंतविणाराने साठ्याचे टन मोजावेत, परंतु पट्ट्याची वर्षे आधी मोजावीत, हे कोणत्याही पृथक्करण-अहवालात छापलेले नसते.

खाण बंद पडताच सांद्रण-गिरणीची किंमत मोडीपुरती उरली. एका डोंगरासाठी बांधलेली गिरणी दुसऱ्या डोंगराकडे नेता येत नाही. मंगळूरचा गोळ्यांचा कारखाना मात्र बंदराजवळ असल्याने टिकला. त्याने पुढे बैलाडिला इत्यादी ठिकाणांचे हेमॅटाइट विकत घेऊन काम चालविले. म्हणजे निकृष्ट धातुक उपयोगात आणण्यासाठी काढलेली ही कंपनी अखेर दुसऱ्यांच्या उत्तम प्रतीच्या धातुकावर चालू लागली.