रिकामी ढोली वाट पाहते

मळणी झाली की आपण धान ढोलीत भरतो. वर्षभर त्यातले काढून खातो. हळूहळू ढोली रिकामी होते. पण रिकामी झाली म्हणून ती नाहीशी होते का? नाही. ती घराच्या कोपऱ्यात तशीच उभी राहते. नव्या धानाची वाट पाहते.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात हे कोणाला सांगायला नको. पण आपल्या अंगातही अशाच ढोल्या आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या फार बारीक असतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना चरबीच्या पेशी म्हणतात. एकेका माणसाच्या अंगात त्या कित्येक अब्ज असतात.

आपण भात खातो, पोळी खातो, तेल-साखर खातो. त्यातले कामाला लागते तेवढे शरीर वापरते. उरलेल्याची चरबी करून ते या पेशींत साठवते. ही शिल्लक वाईट नाही. आजारपणात जेवण जात नाही, तेव्हा तीच उपयोगी पडते. बाळंतिणीला दूध येते, त्यालाही ती लागते. शिल्लक फार झाली, म्हणजे मात्र त्रास सुरू होतो. साखरेचा आजार होतो, रक्तदाब वाढतो, गुडघे दुखतात.

मग माणूस वजन कमी करायला निघतो. समजा, एका बाईने सहा महिने नेटाने पथ्य केले. दहा किलो वजन उतरले. सगळ्यांनी शाबासकी दिली. पण वर्ष-दोन वर्षांत वजन पुन्हा होते तिथे आले. लोक म्हणतात, "जिभेवर ताबा नाही, दुसरे काय!" बाईही खट्टू होते आणि प्रयत्न सोडून देते. खरे कारण काय, ते आम्ही सांगतो.

वजन उतरले म्हणजे चरबीच्या पेशी नाहीशा झाल्या असे नव्हे. त्या फक्त लहान होतात. स्वीडन देशातील शास्त्रज्ञांनी हे २००८ साली दाखवून दिले. पोटाची शस्त्रक्रिया करून ज्यांचे वजन पुष्कळ उतरले होते, अशांच्या पेशींची त्यांनी दोन वर्षांनंतर तपासणी केली. पेशी लहान झाल्या होत्या. पण संख्या तेवढीच होती. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. दरवर्षी शंभरातल्या सुमारे दहा पेशी मरतात, आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. जुनी ढोली मोडली, की शरीर तिच्या जागी नवी बांधते!

दुसरी गोष्ट निरोपाची. चरबीच्या पेशी रक्तातून मेंदूला निरोप धाडतात. तो निरोप नेणाऱ्या द्रव्याला लेप्टिन म्हणतात. त्याचा शोध १९९४ साली अमेरिकेत लागला. पेशी भरलेल्या असल्या की लेप्टिन पुष्कळ असते. पेशी रिकाम्या होऊ लागल्या की ते घटते. मेंदूला वाटते, दुष्काळ आला! मग तो भूक वाढवतो आणि अंगातला खर्च आवरतो. बाईने जाणून-बुजून कमी खाल्ले आहे, हे मेंदूला कसे कळावे? म्हणून तिला खादाड म्हणू नये. तिचे शरीर तिला उपासमारीतून वाचवू पाहते.

कोणी म्हणेल, "आम्ही तर बारीक. आम्हाला काय त्याचे?" पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण ऐका. ते आणि लंडनचे एक डॉक्टर, दोघांचेही वजन उंचीच्या मानाने सारखेच होते. पण मोजले तेव्हा लंडनच्या डॉक्टरांच्या अंगात शंभरात नऊ भाग चरबी निघाली, आणि याज्ञिकांच्या अंगात एकवीस भाग! ही हकिकत २००४ साली छापून आली. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोटात चरबी, अशी माणसे पुष्कळ आहेत. म्हणून नुसता वजनकाटा पाहू नये. पोटाचा घेरही मोजावा. पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत आणि बाईचा ८० च्या आत असावा.

मग करावे काय?

एक, घाई करू नये. उपाशी राहून झटपट उतरवलेले वजन टिकत नाही. ताटातला भात थोडा कमी करावा, डाळ आणि भाजी वाढवावी. चहातली साखर कमी करावी.

दोन, वजन उतरले म्हणून पथ्य सोडू नये. मेंदूची ओरड बराच काळ चालते. रोज चालणे आणि बेताचे जेवण नेहमीसाठीच ठेवावे.

तीन, थोडे उतरले तरी फायदा आहे. सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन-चार किलो कमी झाले, तरी साखर आणि रक्तदाब यांना उतार पडू लागतो.

चार, मुलांना जपावे. चरबीच्या पेशींची संख्या बहुतेक लहानपणी आणि वाढत्या वयातच ठरते. मुलांचे पोट भरलेच पाहिजे, पण ते गोड पेयांनी आणि पुडीतल्या तळलेल्या खाऊने भरू नये.

ज्याला साखरेचे औषध चालू आहे, त्याने मनाने उपास धरू नये. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारावे. महिन्यात चरबी घालवून देतो म्हणून कोणी पावडर विकायला आला, तर त्याला एकच विचारावे : "बाबा, पुढच्या वर्षी वजन परत आले तर पैसे परत देशील का?"