दुसऱ्याच्या कथेत लुडबुड

“काका, बाकी सगळं झालंय, शुद्धलेखन तेवढं नजरेखालून घाला!” असे म्हणत लोक माझ्यापुढे तीनतीनशे पानांच्या कादंबऱ्या आणून ठेवतात. संपादक म्हणजे ऱ्हस्वदीर्घाचा वैद्य, अशी आपल्याकडे समजूतच आहे. त्यातून खालापूरसारख्या तालुक्याच्या गावी राहून, कोणा प्रकाशकाचा पगार न घेता, एखादा माणूस लोकांच्या कथा-कादंबऱ्यांवर संस्कार करीत बसतो हे ऐकले, की मुंबईचे पाहुणे माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहतात. पण लोकल खोपोलीपर्यंत येते, टपाल दारापर्यंत येते आणि लिहिणारी माणसे कोणत्या गावात नसतात?

हस्तलिखित आले, की पहिल्या वाचनाला मी पेन्सिल हातात धरीत नाही. नुसता वाचक होऊन वाचतो आणि कोठे जांभई आली ते लक्षात ठेवतो. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल येते आणि समासात प्रश्न उमटू लागतात. उत्तरे नव्हेत, प्रश्नच!

आमच्याच भागातला एक तरुण, दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री लेखन. त्याच्या ऐतिहासिक कादंबरीचा नायक १८६० साली आजारी आईला घेऊन बोरीबंदरला आगगाडीत बसतो आणि दोन ओळींत पुण्याला उतरतो. आता आमच्या खोपोलीपर्यंत रूळ आले १८५६ साली आणि खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली १८५८ साली. परंतु मधला बोरघाट गाडीने ओलांडला तो १८६३ साली! तोवर उतारूंनी खोपोलीला उतरायचे आणि पालखीतून, तट्टावरून नाहीतर गाडीतून घाट चढून पुन्हा वर गाडी पकडायची. मी समासात एवढेच लिहिले, “घाट कसा चढला?”

स्वारी रागावली. “काका, एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खं प्रकरण अडवता?” पंधरा दिवसांनी नवे प्रकरण घेऊन आला. पैसे एकाच पालखीपुरते. आई आत, मुलगा शेजारून चालतो आहे. वाटेत घाट फोडणाऱ्या मजुरांची खोपटी, सुरुंगांचे धडाके आणि त्या धडाक्यांत आई त्याला लपवून ठेवलेल्या कर्जाची गोष्ट सांगते. कादंबरीचा जीव तेथे होता आणि लेखकाने तो दोन ओळींत ओलांडला होता. ती पालखी मला सुचली नसती. सुचली असती तरी मी लिहायची नव्हती.

खरा मोह येथेच असतो. लेखकाचे वाक्य लंगडते, आपले तयार असते; लिहून टाकावे की झाले! अमेरिकेत रेमंड कार्व्हर या कथाकाराच्या कथांना गॉर्डन लिश या संपादकाने अशी कात्री लावली, की निम्म्याच्या आसपास मजकूर उडाला. ‘छपाई थांबवा’ म्हणून कार्व्हरने विनवले. तरीही १९८१ साली तो संग्रह तसाच निघाला आणि गाजलाही. मूळ कथा २००९ साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा कार्व्हरला जाऊन एकवीस वर्षे झाली होती. कापलेल्या कथा सरस की मूळ, हा वाद रसिकांनी खुशाल घालावा. मला त्या विनवणीचे वाईट वाटते.

आपल्याकडे गिरगावात खटाववाडीतल्या ‘मौज’मध्ये श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी संपादनाची निराळी रीत घालून दिली. लेखकाशी पत्रांतून चर्चा करायची आणि पुन्हा लिहायला लावायचे ते त्यालाच. ‘सत्यकथे’च्या अभिरुचीचा जाच वाटून १९६९ साली काही तरुण लेखकांनी तिच्या अंकाची होळी केली, हेही खरे. संपादकाची आवड केव्हा कुंपण होईल, सांगता येत नाही. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली.

पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ घरोघरी वाचले गेले. त्याची मूळ लेखिका मार्जोरी रॉलिंग्ज. तिने इंग्लंडातल्या वातावरणावर बेतलेली कादंबरी पाठवली, तेव्हा मॅक्सवेल पर्किन्स या संपादकाने ती परत केली आणि सुचवले, की तुमच्या पत्रांत फ्लोरिडातल्या रानाचे नि शेजाऱ्यांचे जे वर्णन असते, ते लिहा. पुढे रानातल्या एका मुलावर लिहा, असा आग्रहही त्यानेच धरला. १९३८ साली ती कादंबरी आली. दुसऱ्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. एका संपादकाने लिहवून घेतलेले पुस्तक दुसऱ्या संपादकाने मराठीत आणावे, हा योग मला फार गोड वाटतो.

आता पैशांविषयी. दर मी पानामागे सांगतो आणि आधीच सांगतो, कारण “ओळखीत कसले पैसे?” हे वाक्य काम झाल्यावर हमखास ऐकू येते. कर्जतकडचे एक गृहस्थ मानधनाऐवजी घरच्या भाताचे तांदूळ आणून देतात. सौभाग्यवतींच्या मते माझ्या धंद्यातली खरी मिळकत तेवढीच!

अलीकडे तो पालखीवाला तरुण आणि आणखी तिघेचौघे महिन्यातून एकदा जमून एकमेकांची हस्तलिखिते वाचतात. परवा त्यांच्यापैकी एका बाईंची कथा माझ्याकडे आली, तर समासात आधीच कोणीतरी पेन्सिलीने प्रश्न लिहून ठेवले होते. मला विचारायला दोनच उरले. त्या हिशेबाने मी पैसेही कमी घेतले.