कृत्रिम सांधा दुखू लागला? आधी तपासणी, मग अँटिबायोटिक

गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर बहुतेक रुग्ण काही महिन्यांत न दुखता चालू लागतात. मात्र शंभरातील एक-दोन रुग्णांच्या कृत्रिम सांध्यात जिवाणूंचा संसर्ग होतो. धातूला आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. तिथे बसलेले जिवाणू स्वतःभोवती चिकट थर, म्हणजेच बायोफिल्म तयार करतात. या थराआड औषधाचा प्रभाव फारसा पडत नाही.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न फक्त वयस्करांचा नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल आजाराचे रुग्ण बरेच आहेत. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा अडवतात, हाड मरते आणि ऐन तारुण्यात खुबा बदलण्याची वेळ येऊ शकते. अशा रुग्णांची प्लीहा नीट काम करत नसल्याने त्यांना संसर्गाचा धोकाही जास्त असतो.

संशय आला की आधी रक्ताची ईएसआर आणि सीआरपी तपासणी होते. सिकलसेलमध्ये ईएसआर मुळातच कमी येऊ शकतो. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' पाहून निर्धास्त राहू नये. सिकलसेल असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

महत्त्वाचा पुरावा सांध्यातल्या पाण्यात असतो. ते सुईने काढून त्यातील पांढऱ्या पेशी मोजतात आणि कल्चरला पाठवतात. काही जिवाणू फार सावकाश वाढतात, त्यामुळे कल्चर १४ दिवसांपर्यंत ठेवावे लागते. शस्त्रक्रिया झाल्यास वेगवेगळ्या ठिकाणचे पाच-सहा नमुने घेतात. एकाच नमुन्यातला जिवाणू त्वचेवरून आलेला असू शकतो. दोन नमुन्यांत तोच सापडला, तर निदान पक्के होते.

या तपासणीआधीच मेडिकलमधून आणलेले अँटिबायोटिक घेतले, तर घात होतो. मोकळे जिवाणू मरतात, थराआडचे जगतात. दुखणे तात्पुरते कमी होते, पण कल्चर कोरे येऊ शकते. मग प्रकृती साथ देत असेल, तर औषध किमान दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा तपासावे लागते. संसर्ग सुरुवातीच्या काही आठवड्यांत कळला, तर सांधा धुऊन वाचवता येतो. उशीर झाल्यास अनेकदा तो काढून नवा बसवावा लागतो, तोही बहुधा दोन शस्त्रक्रियांत.

जखमेतून पाणी येणे, सांधा लाल व गरम होणे, थांबलेले दुखणे परत येणे, विश्रांतीतही ठणकणे ही लक्षणे ओळखा. सांध्यापर्यंत गेलेल्या छिद्रातून पू येत असेल, तर तो संसर्गाचा थेट पुरावाच आहे. थंडी वाजून ताप आला, तर लगेच रुग्णालय गाठा. तिथे डॉक्टर नमुने घेऊन उपचार सुरू करतील.

देवरी, सालेकसा भागातील रुग्णांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी किंवा गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संपर्क साधावा. जाताना शस्त्रक्रियेचे कागद आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. 'रोवणी आटोपली की बघू' म्हणत थांबू नये. थराआडचे जिवाणू तेवढी सवड देत नाहीत.