एका ध्वनिमुद्रिकेचे स्नेही

गाणें आवडणें ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे, असें सामान्यतः मानलें जातें. परंतु आवडलेलें गाणें मनुष्य फार वेळ स्वतःपाशीं ठेवीत नाहीं. तें दुसऱ्या कोणास तरी ऐकविल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. आणि ऐकणाराही तितकाच रंगला, तर दोघांमध्यें एक नवें नातें जुळतें. असें नातें एका ध्वनिमुद्रिकेच्या आधारें देशोदेशींच्या माणसांमध्यें कसें जुळलें, आणि अशाच नात्याच्या बळावर एक वाद्यवृंद बुडतां बुडतां कसा तरला, याची हकीकत मनोरंजक आहे तशीच उद्बोधकही आहे. त्या ध्वनिमुद्रिकेचें नांव ‘ब्रेव्ह’, म्हणजे धैर्यशील. आणि ती निर्माण करणारा इंग्लंडांतील वाद्यवृंद ‘मॅरिलियन’.

प्रथम या संगीताचा प्रकार ध्यानांत घेतला पाहिजे. विजेवर चालणारी गिटार, ड्रम आणि गायकाचा कंठ यांच्या बळावर उभें राहिलेलें रॉक संगीत प्रारंभीं दोन-तीन मिनिटांच्या गाण्यांचें होतें. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांतील कांहीं तरुण वादकांस ही चौकट अपुरी वाटूं लागली. त्यांनीं पाश्चात्य शास्त्रीय संगीतांतून रचनेचा विस्तार घेतला, जॅझमधून वादनाची मोकळीक घेतली, आणि वीस-वीस मिनिटांच्या रचना बांधण्यास आरंभ केला. यालाच ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस व पिंक फ्लॉइड हे या पंथाचे आरंभींचे प्रमुख वाद्यवृंद होत. त्यांच्या कित्येक ध्वनिमुद्रिकांमध्यें सुटीं गाणीं नसत; आरंभापासून अखेरपर्यंत एकच कल्पना विस्तारत जाई. ख्यालाची नुसती अस्ताई ऐकून जो उठला, त्यास राग कळला असें म्हणतां येत नाहीं. येथेंही तसेंच आहे.

मॅरिलियनचा उदय १९७९ सालीं, बकिंगहॅमशायर परगण्यांतील एल्सबरी या गांवीं झाला. टॉल्किन या ग्रंथकाराच्या ‘सिल्मॅरिलियन’ या ग्रंथाच्या नांवावरून हें नांव घेतलेलें आहे. तो काळ या मंडळींस अनुकूल नव्हता. १९७६-७७ च्या सुमारास ‘पंक’ नांवाचें आडदांड आणि आटोपशीर संगीत पुढें आलें होतें, व लांबलचक रचना करणारांची टर उडविणें ही त्या वेळची रीत झाली होती. तरीही मॅरिलियननें आपला मार्ग सोडला नाहीं. १९८५ सालच्या ‘मिस्प्लेस्ड चाइल्डहुड’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेनें ब्रिटनमधील विक्रीच्या यादींत पहिला क्रमांक मिळविला. पुढें १९८८ मध्यें, ज्याच्या गळ्यावर ही कीर्ति उभी होती तो फिश नांवाचा गायक वृंदांतून बाहेर पडला. १९८९ पासून त्याच्या जागीं स्टीव्ह होगार्थ गाऊं लागला. दोघांपैकीं श्रेष्ठ कोण, हा वाद या वृंदाच्या रसिकांमध्यें अद्यापि मिटलेला नाहीं.

‘ब्रेव्ह’चें बीज नभोवाणीवरील एका निवेदनांत सांपडतें. सेव्हर्न नदीवरील पुलावर एक तरुण मुलगी एकटीच भटकतांना आढळली होती. आपण कोण, कोठल्या, हें ती कोणासही सांगेना. तेव्हां तिला ओळखणाऱ्या कोणीं पुढें यावें, अशी विनंती पोलिसांनीं नभोवाणीवरून केली. होगार्थनें तें निवेदन ऐकलें, आणि तें त्याच्या मनांतून गेलें नाहीं. कांहीं वर्षांनीं वृंदापुढें नव्या रचनेचा विचार आला, तेव्हां त्यानें ती आठवण सांगितली. आणि ही मुलगी त्या पुलापर्यंत कशी येऊन पोंचली असेल, या एका प्रश्नाभोंवतीं सुमारें सत्तर मिनिटांची कृति उभी राहिली. तींत त्या मुलीचें खरें चरित्र नाहीं, हें नीट लक्षांत ठेविलें पाहिजे. घरांतील दुरावा, फसलेला विश्वास, व्यसन, शहरांतील एकलेपणा हीं सारीं चित्रें कल्पनेनें रंगविलेलीं आहेत. या कामाचा बराच भाग फ्रान्समधील एका जुन्या किल्ल्यांत राहून करण्यांत आला, आणि फेब्रुवारी १९९४ मध्यें ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. दिवे मालवून आणि आवाज मोठा ठेवून ती ऐकावी, अशी सूचनाही तिजबरोबर छापलेली होती.

या कृतीचा शेवट कसा करावयाचा, हा प्रश्न साहजिकच बिकट होता. मुलगी वांचते कीं नदीच्या स्वाधीन होते? तबकडीच्या रूपानें निघालेल्या प्रतींत याचें उत्तर मोठ्या युक्तीनें दिलेलें आहे. तबकडीवर सामान्यतः एकच बारीक खांच कडेपासून मध्यापर्यंत वळसे घेत जाते, व सुई तिच्यामधून फिरते. ‘ब्रेव्ह’च्या शेवटच्या बाजूवर मात्र अशा दोन खांचा एकमेकींना लागून कोरलेल्या होत्या. सुई एकींत पडली तर शेवटीं पहाटेसारखें शांत, आशेचें गाणें ऐकूं येई. दुसरींत पडली तर गाणें सरून केवळ पाण्याचा आवाज चालू राही. सुई कोणत्या खांचेंत पडेल हें ठेवणाराच्या हातीं नसे. ज्यांनीं ही ध्वनिमुद्रिका सीडीवर ऐकली, त्यांस मात्र आशेचा शेवट तेवढा मिळाला.

या कृतीचे चाहते एकत्र आले म्हणजे बोलणें बहुधा येथूनच सुरू होतें. एकास पाण्याचा शेवट खरा वाटतो. दुसरा म्हणतो, तसें असेल तर ‘धैर्यशील’ या नांवास अर्थ काय? एक स्टीव्ह रॉथरीच्या गिटारीवरील एखादी दीर्घ आळवणी दाखवितो, तर दुसरा मार्क केलीच्या कीबोर्डच्या साथींतील, पूर्वीं कोणाच्या कानीं न आलेली लकेर ध्यानांत आणून देतो. तिसरा आपल्याच आयुष्यांतील वाईट दिवसांची आठवण सांगतो. एकट्यानें ऐकलेली कृति या देवघेवींत अधिक भरदार होते. आपल्या साहित्यशास्त्रानें ज्यास सहृदय म्हटलें आहे, तो एका अर्थीं कवीचा सहकारीच असतो. त्याच्यावांचून रस सिद्ध होत नाहीं. जी कृति सर्व कांहीं सांगून टाकीत नाहीं, तिला अशा सहकाऱ्यांची गरज अधिकच असते.

व्यवहाराचें गणित मात्र निराळें होतें. ‘ब्रेव्ह’ ब्रिटनमधील यादींत दहाव्या क्रमांकापर्यंत चढली. परंतु १९८५ चें यश परत आलें नाहीं. १९९५ मध्यें आणखी एक ध्वनिमुद्रिका निघाल्यावर मोठ्या कंपनीशीं असलेला संबंध संपला. १९९७ मध्यें अमेरिकेचा दौरा करणें वृंदास परवडणारें नव्हतें. ही गोष्ट कळतांच अमेरिकेंतील चाहत्यांनीं इंटरनेटवरून परस्परांशीं संपर्क साधून, वृंदानें न मागतां, सुमारें ६०,००० डॉलरांची वर्गणी जमविली आणि दौरा घडवून आणला.

यावरून मॅरिलियनच्या मंडळींनीं बोध घेतला. २००१ सालच्या ‘अनोरॅकनोफोबिया’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेळीं, ती तयार होण्यापूर्वींच किंमत भरण्याची विनंती त्यांनीं चाहत्यांस केली, आणि १२,००० हून अधिक लोकांनीं पैसे पाठविले. पुढें २००४ च्या ‘मार्बल्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या विशेष प्रतींत अशा वर्गणीदारांचीं नांवें छापण्यांत आलीं. जुन्या मराठी ग्रंथांत आश्रयदात्यांची यादी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ही पद्धति अनोळखी वाटणार नाहीं. मोठ्या कंपनीची साथ सुटल्यावरही वृंद टिकला. २०२२ सालची त्यांची ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर गेली.

या शतकाच्या आरंभापासून वृंदाचे आणि चाहत्यांचे दोन-तीन दिवसांचे मेळावेही भरत आले आहेत. त्यांत एखादी जुनी ध्वनिमुद्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजविण्याची प्रथा आहे. २०१३ मध्यें नेदरलँड्समधील पोर्ट झेलांडे येथें ‘ब्रेव्ह’ अशी संपूर्ण सादर झाली. भाषा वेगळ्या, देश वेगळे. परंतु पुढचा स्वर कोणता, हें त्या समुदायास ठाऊक होतें.

अशा प्रेमास अतिरेकाचा दोष लागूं शकतो, हें खरें. आपल्या आवडीबाहेरचें सारें तुच्छ मानणारे चाहते प्रत्येक कलेंत आढळतात. तथापि या हकीकतींतील मुख्य गोष्ट त्यामुळें झांकली जात नाहीं. पुलावर उभी असलेली एक मुलगी बोलत नव्हती. तिचें मौन एका गायकानें मनावर घेतलें, व त्यास आपल्या परीनें शब्द आणि सूर दिले. ते सूर अनोळखी माणसांनीं काळजीपूर्वक ऐकले, एकमेकांस ऐकविले, आणि वेळ आली तेव्हां गाणारांस पदरमोड करून सांभाळलें. ऐकणें हें वरवर पाहतां निष्क्रिय काम दिसतें. परंतु मन लावून ऐकणारा कोणी असला, तरच गाणारास पुढचें गाणें गातां येतें.