परदेशी तज्ज्ञ आणि देशी अभियंते

एखादे नवे तंत्र देशात रुजवावयाचे झाल्यास दोन मार्ग संभवतात. ते अवगत असलेली अनुभवी माणसे परदेशांतून आणावीत, किंवा आपली माणसे शिकवून तयार करावीत. पहिला मार्ग जवळचा आणि दुसरा लांबचा, असे वरवर पाहता वाटते. बंगळूरच्या विमान कारखान्याने हे दोन्ही मार्ग चोखाळले. म्हणून त्याचा इतिहास उद्‌बोधक ठरतो.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने, हा कारखाना काढला. यंत्रसामग्री व तंत्रज्ञ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांमार्फत आले आणि १९४१ मध्ये तेथे जोडलेले पहिले विमान उडाले. परंतु आलेले भाग जोडणे निराळे आणि विमानाची मूळ रचना कल्पिणे निराळे. ही दुसरी विद्या शिकविण्यासाठी १९४२ साली बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी विभाग सुरू झाला. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे हे जर्मनीत प्रांट्‌ल यांच्या हाताखाली शिकून आले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली रचिलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले.

ध्वनीहून वेगवान लढाऊ विमान हे मात्र फार पुढचे पाऊल होते. त्यासाठी १९५६ मध्ये कुर्ट टँक या नामवंत जर्मन अभिकल्पकाला सहकाऱ्यांसह पाचारण करण्यात आले. त्यांनी भारतीय अभियंत्यांना बरोबर घेऊन रचिलेले ‘मरुत’ १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. इतक्या अल्पावधीत हे काम केवळ देशी बळावर झाले नसते, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या शक्तिमान ब्रिटिश इंजिनावर ही रचना बेतली होती, ते पूर्णत्वास गेले नाही. इंजिन घडविण्याची विद्या आपल्याजवळ नव्हती. त्यामुळे १४७ विमाने तयार होऊनही वेगाचे उद्दिष्ट अपुरेच राहिले. तज्ज्ञ आपली विद्या आणू शकतो, सबंध उद्योगाची जागा तो भरून काढू शकत नाही. याच काळात, १९६४ मध्ये, घाटगे यांच्या चमूचे ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान उडाले आणि पुढे दशकानुदशके वायुसेनेच्या उपयोगी पडले.

शिकविलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल, मग खर्च आपण का सोसावा, असा आक्षेप घेतला जातो. एका कारखान्यापुरता तो खरा आहे. परंतु असा माणूस सहसा नगराच्या संचितात भर घालतो. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी बंगळूरला आली, ती येथील अभियंत्यांकडून काम करवून घेण्यासाठी. पुण्यात १९८१ साली स्थापन होऊन १९८३ मध्ये बंगळूरला गेलेल्या इन्फोसिसनेही नवपदवीधरांना संगणकाच्या आज्ञावली लिहावयास शिकविणे हे आपल्या व्यवसायाचे अंगच मानले.

तेव्हा तज्ज्ञ बोलवावा की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. त्याच्या शेजारी शिकण्यासाठी कोणाला बसविले आणि तो परतल्यावर काम कोण पुढे नेणार, हे आधी ठरविले पाहिजे.